शनिवारची भाकर

नवसाबाईने तव्यावरची जाड पोळी उलटली आणि फडक्याने कडा दाबल्या. उद्या प्रभुभोजनाचा रविवार; देवळात वेदीपाशी सगळे एकाच भाकरीचा तुकडा घेणार. शरणपूरच्या मिशनवस्तीत साथीच्या सालापासून, म्हणजे सोळा वर्षं, ती भाकर तिच्याच चुलीवर होत होती. काम तिने मागून घेतलं होतं. तुकडा मात्र एकदाही तोंडात घातला नव्हता. मंडळी वेदीकडे उठून जायची, आणि ही आपली मागच्या बाकावर पदर ओढून एकटी.

भाकर न्यायला आलेले वाल्मीक पाळक नवे होते. जुन्यांनी कधी विचारलं नाही ते त्यांनी विचारून टाकलं.

"बाई, स्वयंपाक तुमचा, आणि पंगतीला तुम्हीच नाही?"

बाईने तवा उतरवला. मग, कोण जाणे कशी, बोलती झाली. मानमोडीच्या साथीत शेजारच्या कुसाबाईचं घरच्या घर तापाने आडवं पडलं होतं. तिची सहा वर्षांची लेक चिमणा दाराशी पाणी मागायला आली. नवसाबाईने आतून कडी धरून ठेवली, कारण जवळ स्वतःचा लेक निजला होता. पोरीने चार हाका मारल्या नि परत गेली. तिसऱ्या दिवशी तिला पुरलं. 'मी घरी नव्हते,' असं नवसाबाई सांगून बसली, आणि दोन घरांतलं बोलणं संपलं. पलीकडे कुसाबाई नुसती खोकली तरी हिला तो टोमणा वाटे. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! ज्याच्यासाठी कडी धरली तो लेक आता मनमाडला रेल्वेत होता. नाताळला त्याचं एक पत्र येई.

"देवापुढे कबूल केलंत?"

"रोज करते."

"मग त्याने केव्हाच क्षमा केली."

"त्यानं केली असंल. पण पोर कुसाची होती."

पाळकांनी टोपी काढून बाजूला ठेवली. मग चुलीजवळच्या पाटावर बसले.

"भाकर इथेच राहू द्या. आधी तिकडे जाऊन या. मी थांबतो."

कुसाबाई ओट्यावर तूर निवडत होती. नवसाबाईने पिठाच्या हातांनीच उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कुसाबाईचं सूप थांबलं नाही.

"ठाऊक हाय. चिमणानं सांगितलं होतं. मावशी घरातच हाय म्हणाली, छपरातून धूर निघतोय."

नवसाबाई ओट्याच्या पायरीवर बसली.

"मग बोलली का नाहीस?"

"तू खोटं बोललीस, मी काय बोलू? पहिली दोन वर्षं तुझ्या हातची भाकर तोंडात धरून घरी आणायची नि पाखरांना टाकायची. मग एका रविवारी गिळली." तिने एक खडा वेचून टाकला. "त्याला आता चौदा वर्षं झाली."

चौदा वर्षं. नवसाबाईला रडूही येईना.

कुसाबाई उठून आत गेली आणि तांब्या भरून घेऊन आली. नवसाबाईने आपल्या पिठाने माखलेल्या हातांकडे पाहिलं.

"राहू दे ते पीठ," कुसाबाई म्हणाली. "ओंजळ कर. पाणी पी."

आणि तिने वरून धार धरली.