नूरमोहम्मदची नाल

जब्बार मिस्त्रीने दुरुस्त केलेली बोट ओळखायची खूण सोपी होती. तिच्या पाठीवर नाल असायची.

बोटीची पाठ म्हणजे मागची आडवी भिंत, जिच्यावर इंजिन कसतात. तिथं इंजिनाच्या डाव्या हाताला, घोड्याच्या पायातून निघालेली, झिजून पातळ झालेली एक खरीखुरी नाल तीन खिळ्यांनी ठोकलेली असे. ती बाजारातून आणलेली नव्हती. जब्बारचा बाप नूरमोहम्मद शहरातला नावाजलेला नालबंद. पोलिस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, माणसं इकडची तिकडं झाली, पण टांग्याचे घोडे होते तिथंच राहिले आणि त्यांच्या टापा झिजतच राहिल्या. पुढं रिक्षा आल्या आणि घोडे गेले. मग नूरमोहम्मदही गेला. मागं राहिली त्याची हातोडी आणि जुन्या नालांनी भरलेली पत्र्याची पेटी.

जब्बारने शहरातच, उस्मानपुऱ्यात, फायबरचं काम सुरू केलं. कूलरच्या बॉड्या, पाण्याच्या टाक्या, एखाद्या हॉटेलासमोरचा हत्ती. मग नाथसागर धरणाच्या काठच्या लोकांनी फायबरच्या बोटी आणल्या, त्या चिरू लागल्या, आणि टाकी सांधणारा बोटही सांधेल असं ठरवून त्यांनी जब्बारला गाठलं. बोटीतलं त्याला तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं. पण माणूस हाताचा साफ आणि जबानचा गोड. पहिल्याच वर्षी त्याने सात बोटी सांधल्या आणि प्रत्येकीच्या पाठीवर बापाच्या पेटीतली एकेक नाल ठोकली. घोड्याने हजार कोस तुडवलेली नाल, म्हणे, पाण्यालाही दाबून ठेवते. लोकांना ते पटलं. लोकांना अशा गोष्टी पटायला वेळ लागत नाही. बोटीत चढताना बायाबापड्या आधी नालेला हात लावू लागल्या, तो हात कपाळाला लावू लागल्या, आणि जब्बारची छाती दरवेळी वीतभर फुगू लागली.

याला अकरा वर्षं झाली. जब्बारची मुलगी जहांआरा आता शिक्षिका झाली होती आणि तिची शाळा नेमकी पाण्यापलीकडच्या गावात. सडकेनं गेलं तर सारा जलाशय वळसा घालायचा; बोटीनं वीस मिनिटं. ती रोज सकाळी शहरातून एसटीने घाटापर्यंत येई आणि सांडू नावाड्याच्या बोटीने पलीकडे जाई. सांडूची बोट त्या सातांतलीच. पहिल्या दिवशी बापाने तिला एकच गोष्ट बजावली होती. “बेटा, कुछ भी हुआ, वारा सुटला, पाणी उसळलं, तो घबराना नहीं. पीछे जाके नाल के पास बैठना.”

तिला तीस मुलांचा वर्ग गप्प करता येत होता, पण पोहता येत नव्हतं.

त्या दिवशी दुपारी कारभारी नावाच्या बोटवाल्याचा फोन आला. कारभारीचा घाट सांडूच्या घाटापासून दोन कोसांवर, बोट तीही त्या सातांतलीच. कारभारी म्हणाला, “मिस्त्री, बोट जड झालीया. पाणी कुठं दिसत नाय, पण काठावर वढायला चार माणसं लागायची, आता सहाबी पुरंनात. येऊन बघा जरा.”

जब्बारला तेव्हाच शंका आली आणि तो हत्यारांची पिशवी घेऊन निघाला. इतक्या वर्षांत तो थोडंफार शिकला होता. फायबरची बोट आतून नुसती फायबरची नसते. जिथं जोर येतो तिथं दोन फायबरच्या मधे लाकडी प्लाय भरलेला असतो. वरून कातडी गुळगुळीत, रंग नवा, आणि आत प्लाय महिनोन् महिने पाणी पीत बसलेला. बोट जड होते ती अशी. टाकीत लाकूड नसतं, म्हणून टाकीवाल्याला हे ठाऊक नसतं.

कारभारीने बोट काठावर टायरांवर चढवून ठेवली होती. त्याची बायको सारजाबाई चहा घेऊन आली. जब्बारने चहा बाजूला ठेवला, बापाची हातोडी काढली आणि तिच्या लाकडी दांड्याने बोट वाजवायला सुरुवात केली. नाकापासून सुरू केलं. टण. टण. टण. चांगल्या फायबरचा आवाज कसा, तर पक्क्या भाजलेल्या घागरीसारखा. बाजू वाजल्या, तळ वाजला. कारभारीचा चेहरा खुलत चालला. “दम हाये बोटीत अजून,” तो म्हणाला.

मग जब्बार पाठीशी आला. इंजिन काढून ठेवलेलं होतं. उजवीकडे टण. मधे, बोल्टांच्या भोकांपाशीही टण. डावीकडे सरकला आणि दांडा पडला, भद.

त्याने पुन्हा मारून पाहिलं. भद. ओल्या गोणीवर मारावं तसं. त्याने खिशातून खडू काढला आणि आवाज जिथं जिथं बसका येईल तिथं खूण करत गेला. वर केली, खाली केली, बाजूला केली. खुणा जोडल्या तेव्हा परातीएवढा एक वेडावाकडा गोल तयार झाला. त्या गोलाच्या बरोब्बर मधोमध, हळदीकुंकवाने माखलेली, त्याच्या बापाची नाल होती.

“दर अवसंला मी तिला तांब्याभर पाण्यानं न्हाऊ घालते,” सारजाबाई कौतुकाने म्हणाली. “तेलबी लावते. तुमची नाल हाये, भाऊ, म्हणून तर आमचं बरं चाललंय.”

जब्बारने नालेखाली हातोडीचं नख घातलं आणि हलकेच उचललं. जोर लावायची गरजच पडली नाही. नाल सुटून त्याच्या हातात आली आणि तीन भोकांतून काळं पाणी वाहू लागलं. आधी थेंब थेंब, मग धार. आंबलेल्या लाकडाचा वास सुटला. सारजाबाईने पदर नाकाला लावला.

ग्राइंडरने त्याने हातभर चौकोन कापला आणि फायबरचं कातडं बाजूला केलं. आतला प्लाय चहात बुडवलेल्या टोस्टासारखा झाला होता. जब्बारने मूठ भरून बाहेर काढला आणि तो त्याच्या चिमटीत विरघळून गेला. अकरा वर्षांपूर्वी त्याने स्वतःच्या हाताने फायबर सांधलं, घासलं, चमकवलं, आणि मग हौसेने त्यातून तीन खिळे आरपार ठोकले. पाण्याला आत जायला तीन दारं करून दिली. वर सारजाबाईने दर अमावास्येला त्या दारांतून पाणी ओतलं. या बोटींना त्याने नाल ठोकली नसती तर त्या कदाचित आजही ठणठणीत असत्या. हे त्याला तिथं, गुडघ्यावर बसल्या बसल्या, एका दमात कळलं.

“कशानं झालं हो?” कारभारीने विचारलं.

काठाकाठाने जब्बारच्या नावाला मान होता. बाप गेल्यावर बापाचं नाव त्याने या पाण्यावर जगवलं होतं. तो म्हणाला, “बोल्टातून पाणी गेलं. इंजिन ढिलं ठेवलं तुम्ही, कारभारी. ध्यान दिलं नाय.”

साठीचा कारभारी पोरासारखा वरमला. “चुकलंच आमचं,” म्हणून त्याने हात जोडले. जब्बारला ते हात बघवेनात. त्याने मान वळवली आणि नाल मुकाट्याने पिशवीत टाकली.

जहांआराची बोट त्याच्या डोक्यात नव्हती असं कोणी समजू नये. होती. नाल हातात आली त्या क्षणापासून होती. पण त्याने मनाशी हिशेब मांडला: अकरा वर्षं टिकली ती आजची संध्याकाळही टिकेल. सांडूचं इंजिन लहान, चाल बैलगाडीची. उद्या पहाटे गुपचूप जाऊ, काहीतरी सबब सांगून बोट काठावर घेऊ, पाठ नवी करू. कोणाला कळणार नाही. माणूस स्वतःची अब्रू वाचवायला निघाला की त्याचं डोकं किती चपळ चालतं, बघा.

कारभारी मात्र सरळ माणूस. आपल्यावर आलं ते दुसऱ्यावर येऊ नये म्हणून त्याने लागलीच फोन काढला. “सांडूला सांगतो. त्याचीबी त्याच सालची बोट हाये.” फोन लागला. कारभारीने तो मोठ्या आवाजावर केला. पलीकडून वाऱ्याचा आवाज आणि बायकांची बडबड ऐकू आली.

“सांडू, इंजिनाचे बोल्ट बघ रं. मिस्त्री म्हंत्यात, ढिल्या बोल्टातून पाणी जातंया. माझी बोट आतून कुजली.”

“आपले बोल्ट एकदम घट्ट हायेत, काका,” सांडू हसला. “आज दुपारीच कसले सोताच्या हातानं. नवं इंजिन बसवलं ना! दुप्पट ताकदीचं. मिस्त्री हायेत का तिथं? त्यांना म्हनावं, आज बाईंना दहा मिन्टात आणतो बघा.”

जब्बार उभा राहिला. फोन त्याच्यापासून हातभर होता. सांडू, निघू नको, एवढंच म्हणायचं होतं. पण मग कारभारी विचारणार, का? सारजाबाई विचारणार, का? जब्बारचे ओठ हलले. एवढ्या वेळात सांडू म्हणाला, “ठेवतो, काका, बाई आल्या शाळेच्या, निघतो,” आणि फोन बंद झाला.

“परत लाव,” जब्बार म्हणाला.

“का वो?”

“लाव म्हणतो ना!”

कारभारीने लावला. लागेना. पाण्यावर रेंज नसते हे काठावरच्या कुत्र्यालाही ठाऊक आहे. जब्बारने स्वतःच्या फोनवरून जहांआराला लावला. तोही लागेना. मग त्याने कारभारीचा दंड धरला.

“कारभारी, खोटं बोललो मी. बोल्ट नाय. माझे खिळे. नालेचे खिळे. तुमचा कसूर नाय, माझा हाये. सांडूच्या बोटीलाबी तेच हाये, नव्या इंजिनाचा जोर कुजकी पाठ सोसायची नाय, आणि माझी पोरगी तिच्यात बसलीया. गाडी काढा.”

कारभारी त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने किक मारली आणि गाडी उसाच्या कडेच्या वाटेवर घातली. पूर्ण दोन कोस जब्बारला वाटत होतं, याने शिव्या द्याव्यात, मला मारावं, पण गाडी थांबवू नये.

घाटावर पोहोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. वारा होता, फार नाही. बाया चढवण्यात उशीर झाला असावा; बोट आत्ता कुठं निम्मं पाणी ओलांडून आली होती. नव्या इंजिनाचा आवाज घुमत घुमत येत होता आणि मागं पांढऱ्या फेसाची रेघ सरळ होती. बोटीत दहाबारा बाया होत्या, कापूस वेचून परतणाऱ्या. नव्या इंजिनाच्या धुरामुळे सगळ्या पुढं दाटीनं बसल्या होत्या आणि त्यांच्यात जहांआराची पिवळी ओढणी ओळखू येत होती. पाठीवर भार फक्त इंजिनाचा आणि सांडूचा.

“हळू! सांडू, हळू कर!” जब्बार ओरडला. इंजिनापुढं माणसाचा आवाज काय जाणार? तो चपलांसकट पाण्यात शिरला. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून त्याने दोन्ही हात वर केले आणि खाली आणले, पुन्हा वर केले, खाली आणले. अंगातला शर्ट काढून फिरवला. कारभारी काठावरून धोतराचा सोगा हलवत होता.

सांडूने त्यांना पाहिलं. त्याने एक हात उंचावून उत्तर दिलं. मिस्त्री नवं इंजिन बघायला आलेत, बोलवतायत, असंच त्याला वाटलं असणार. इंजिनाचा सूर चढला. बोट जोरात निघाली.

“नको रे, नको!” जब्बार म्हणाला. आता तो ओरडत नव्हता. तो स्वतःशीच बोलत होता.

तेवढ्यात पिवळी ओढणी हलली. जहांआरा उभी राहिली होती. बाप कमरेएवढ्या पाण्यात, उघड्या अंगाने, वेड्यासारखे हात हलवतोय, हे तिला दिसलं होतं. पोरगी हुशार. काहीतरी भयंकर आहे हे तिला ताबडतोब कळलं. आणि असं काही झालं की काय करायचं, ते तिला बापाने पढवून ठेवलं होतं.

तिने ओढणी कमरेला खोचली. बायांच्या खांद्यांचा आधार घेत ती मागं गेली, सांडूच्या शेजारी खाली बसली आणि तिने हात मागं नेऊन नाल घट्ट धरली.

शाळेच्या बाई घाबरून मागं गेल्या हे बाकीच्यांनी पाहिलं. मग एक उठली, दुसरी उठली, आणि सगळ्याच नालेला हात लावायला मागं सरकल्या.

पाठ इंजिनासकट खाली दबली आणि बोटीचं नाक पाण्यावरून वर उचललं गेलं.