खरपूस गेटा

लोरेट्टाने चमचा ओठांशी नेला आणि ऑगस्टने, तिच्या बापाने, तोंड घट्ट मिटून घेतलं. वाटलेलं रताळं हनुवटीवरून ओघळलं. तिने ते टिपलं, पुन्हा चमचा भरला. पुन्हा तेच.

अर्धांगाचा झटका आल्यापासून म्हाताऱ्याची उजवी बाजू गेली होती आणि तिच्याबरोबर वाचाही. गिळणं कसंबसं उरलं होतं, तेही गंधासारखं वाटून दिलेलं. कुरकुरीत काही दिलंत तर श्वासनलिकेत अडकेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. सोमवारपर्यंत असंच चाललं तर पोटाला भोक पाडून नळी घालू, असंही. ते ऐकून ऑगस्टने डाव्या हाताने अंगावरची चादर भिरकावली होती. नळी नको आणि वाटलेलंही नको. मग या माणसाला जगवायचं कसं, हे लोरेट्टाला कोणीच सांगत नव्हतं.

"गेटा कर. गेट्याला नाही म्हणायचा नाही तो," ट्रूडी आत्या म्हणाली. ऑगस्टची ही थोरली बहीण दोन घरं सोडून राहायची आणि सल्ला द्यायला कुणाच्या बोलावण्याची वाट बघायची नाही.

शनिवारी लोरेट्टाने मोठं पातेलं चढवलं. डुकराचं मांस, गाईचं मांस, कांदा, तमालपत्र आणि ओटच्या जाड कण्या. ढवळून ढवळून खांदा भरून आला. मधोमध रोवलेला चमचा उभा राहिला तेव्हा तिने आच बंद केली. एरवी हे डब्यांत थापून रात्रभर गार करायचं, सकाळी वड्या पाडायच्या आणि तव्यावर खरपूस भाजायच्या. तिने मात्र वाटीभर गरम गेटा तसाच काढला, मिक्सरमधून गुळगुळीत केला आणि त्याच्यापुढे नेला.

वासाबरोबर त्याचे डोळे उजळले. मग त्याने वाटीत पाहिलं आणि मान फिरवली.

लहानपणी पातेल्यात बोट घातलं की बाबा काय म्हणायचे ते तिला तेव्हा आठवलं. हे डुकरांचं आंबोण, गेटा उद्या तव्यावर. त्यांच्या कोव्हिंग्टन गावातल्या कुठल्याही घरात हेच म्हणतात, आणि तीच हे विसरली होती. तिला स्वतःचाच राग आला. उरलेला गेटा तिने डब्यात थापला.

रविवारी चर्चहून येताना ट्रूडी आत्या परस्पर स्वयंपाकघरातच आली. ऑगस्टची चाकांची खुर्ची टेबलाशी होती. लोरेट्टाने आत्यासाठी आणि स्वतःसाठी दोन वड्या पाडल्या आणि पहिली बिडाच्या तव्यावर टाकली. वडी चरचरली. थोड्याच वेळात तिने उलथणं उचललं.

टेबलावर थाप पडली.

तिने वळून पाहिलं. डावा तळवा टेबलावर तसाच होता. तिचा हात थांबला. वडी चरचरत राहिली, कडेने काळपट होत गेली, आणि आता नक्की करपणार असं वाटत असताना टेबलावर दोन बोटं वाजली. टक, टक.

तिने उलथणं घातलं. वडी अख्खी उलटली.

"साठी आली तेव्हा कुठे बाईसाहेबांची वडी मोडली नाही," आत्या म्हणाली. "दरवेळी घाई. तुझा बाप उलथणं उगाच हिसकावून घ्यायचा नाही."

वडी दोघींत वाटून झाली, दुसरी तव्यावर पडली. लोरेट्टाने पहिला घास खाल्ला. तो दाताखाली कुरकुर वाजला, आणि तिला शरम वाटली, कारण ऑगस्ट तिच्या तोंडाकडे पाहत होता. मग त्याने आपलं तोंड उघडलं.

"दे गं एवढासा," आत्या हळूच म्हणाली. "नव्वदीचा माणूस तो. एवढ्यासाठी तरसवू नकोस."

तुकडा लोरेट्टाच्या बोटांतच होता. तिने तो ताटलीत ठेवला. कालचा वाटलेला गेटा कोमट करून बाजूला ठेवला होता, त्यातला चमचाभर तिने त्या उघड्या तोंडात घातला.

जिभेला कळलं तसं त्याने तिच्याकडे पाहिलं. भर बाजारात कुणी आपल्याला फसवावं आणि ते आपलंच माणूस निघावं, तसं.

"बाबा, माझ्याच्याने नाही होणार," ती म्हणाली. "माझ्या हातून तुम्हाला काही झालं तर मी कुठे जाऊ?"

आत्या खिडकीबाहेर बघत बसली. ऑगस्टने घास कितीतरी वेळ तोंडात धरला. डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने पुसलं नाही. मग गळ्याची घाटी हलली. घास खाली गेला.

लोरेट्टाने दुसरा चमचा भरला. तो ओठांशी न्यायच्या आत टेबलावर बोटं वाजली. टक, टक.

तिला क्षणभर काही कळेना. मग ती घाईने उठली आणि तव्यावरची वडी उलटली. अख्खी, सोन्यासारखी.

ती वळली तेव्हा म्हातारा डोळे मिटून तव्याचा आवाज ऐकत होता. तोंड त्याने उघडून ठेवलं होतं.