शिपायाचं गंगावन

बायको कोकिळा गेल्याचं कळलं तेव्हा जामसिंग मोलगीच्या बाजारात ढोलासाठी चामडं बघत होता. तिचा भाऊ गोकुळ नंदुरबारच्या दवाखान्यात तिच्यापाशी होता. डोंगरात फोन लागेना म्हणून तो जीप धरून स्वतः आला. जामसिंगच्या हातातलं चामडं घेऊन त्यानं दुकानदाराला परत दिलं, आणि जामसिंग समजला.

दिवसकार्य उरकलं आणि म्हसावदच्या जत्रेतल्या खेळाची तारीख आली. जत्रांत खेळ करणारी सोंगाड्या पार्टी जामसिंगची, सुपारी आधीच घेतलेली. जावं लागणारच होतं. खेळ नेहमीचा, जुन्या राजाच्या फौजेतल्या दोन शिपायांचा. दोघं एका ढालीआड लढतात, एका घोंगडीत निजतात. फौजेत कुजबुज होते. सरदार एकाचा फेटा सोडतो, आत लांब केस निघतात, शिपाई बाई ठरते आणि लग्न लागतं. लोक शिट्ट्या मारतात. सरदार जामसिंग व्हायचा, फेट्याचा शिपाई गोकुळ.

गोष्ट मूळची कोकिळेच्या आजाची, पण केस पार्टीनं घुसडलेले. कपडे शिवताना ती दरवेळी कुरकुरायची, "तो बाई नव्हता हो. पुरुषच होता. आजा सांगायचा, तेव्हा फौजेत असे जोडीनं राहणारे असायचे, सगळ्यांना ठाऊक असायचं. तुम्हालाच मेली बाई लागते."

ती हे कोणासाठी बोलायची ते जामसिंगला माहीत होतं. गोकुळची पस्तिशी उलटली होती. त्याला ‘लग्न कर’ असं न म्हणणारी घरात ती एकटीच.

म्हसावदला मांडवामागे गोकुळ गंगावन बांधायला बसला, तसे जामसिंगनं ते खोटे केस त्याच्या हातातून काढून घेतले.

"आज नको."

"दाजी, डोकं फिरलं का? लोक मारतील."

"तुला की मला?"

"मला. तुम्हाला सरदार म्हणून सोडतील." गोकुळ हसायला गेला, पण ते जमलं नाही. "गावात आधीच काय काय बोलतात. इथं उघड्या डोक्यानं उभं केलंत तर तोंड कुठं दाखवू?"

"नको म्हणत असशील तर बांध." जामसिंगनं गंगावन पुढं केलं.

गोकुळनं बघितलं, घेतलं नाही. फेटा मात्र आवळून बांधला. दुसरा शिपाई करमसिंग व्हायचा. त्याला दोघांनी काही सांगितलं नाही.

दुपारी मांडव भरला. फेट्याच्या प्रसंगाला पोरं बाकांवर चढली. "काढ! काढ!" जामसिंगनं हात घातला. एकेक वेढा सुटत गेला. शेवटचं टोक खाली पडलं आणि गोकुळचं बारीक कापलेलं, घामेजलेलं डोकं दिसलं.

शिट्ट्या अर्ध्यातच थांबल्या.

"केस कोठे शेतस रे?" मागून कोणी अहिराणीत ओरडलं. "उंदीरस्नी खादात का?"

हशा झाला. करमसिंग पुटपुटला, "गंगावन विसरला काय रे?"

जामसिंगनं तलवार गोकुळच्या खांद्यावर ठेवली. दुसऱ्या हातानं करमसिंगकडं बोट केलं. "बोल. हा शिपाई तुझा कोण?"

जत्रेचा पुढारी नवनीत, ज्यानं सुपारी दिली होती, स्टेजपाशी आला. "जामसिंगभाऊ, हाई काय चालू शे? बाई काढ लवकर. बायापोरं बठेल शेतस आठे." त्यानं बसलेल्या बायकापोरांकडं हात केला.

"बाई नाही यात," जामसिंग माइकवर बोलला. "नव्हतीच." मग गोकुळकडं वळून परत विचारलं, "हा तुझा कोण?"

गोकुळनं करमसिंगचा हात धरला. "माझा माणूस," तो म्हणाला. आवाज लहान होता, पण मांडवात पोचला. हसणं बंद झालं. करमसिंग गोंधळला होता, तरी त्यानं हात ओढून घेतला नाही.

नवनीतनं माइकची वायर उपटली. एक चप्पल येऊन गोकुळच्या छातीवर लागली. दुसरी येण्याआधी जामसिंग त्याच्यापुढं उभा राहिला. पुढं बसलेला एक म्हातारा तेवढा ओरडला, "बठा रे खाले! पुढे काय व्हयनं ते आयकू द्या!" त्याचं कोणी ऐकलं नाही. पार्टीला स्टेजवरून उतरवलं.

जीपमध्ये सामान चढवताना करमसिंगनं विचारलं, "मग सरदार त्यांना सोडतो का?"

"नाही. आजाच्या गोष्टीत दोघांना मारतो," जामसिंग म्हणाला. "वेगवेगळं पुरायला सांगतो. पण बाकीचे शिपाई त्याचं ऐकत नाहीत. दोघांना एकाच खड्ड्यात ठेवतात."

"मग ते करायला पाहिजे होतं," गोकुळ म्हणाला.

म्हसावदनंतर पार्टीला कुठून बोलावणं आलेलं नाही. तो खड्ड्याचा प्रवेश अजून करायचा राहिला आहे.