डावीकडे पळणारे

माझे आईवडील एकाच भांड्यावरून आयुष्यभर भांडत आले, आणि ते भांडं आमच्या घरात कधी नव्हतंच.

लग्नाआधी दोघं एका कारखान्यात नक्षीकाम करायचे. तिथे स्टोनवेअर बनायचं, म्हणजे भट्टीत दगडासारखी टणक होणारी जाडजूड मातीची भांडी. त्यांवर जुन्या ग्रीक घड्यांवरून उचललेली चित्रं असायची: घोडे, भालेवाले आणि शर्यतीत पळणारे उघडेबंब पुरुष. ओल्या भांड्याला काळा लेप द्यायचा आणि तो कोरणीने खरवडून खालची तांबडी माती दाखवायची. मोठ्या रांजणाला दोन माणसं लागत. मध्ये फिरता पाट, समोरासमोर दोघं, अर्धा रांजण एकाचा, अर्धा दुसऱ्याचा. सगळ्या धावकांनी उजवीकडेच पळायचं असा नियम. म्हणून मुकादम काठावर कोळशाने बाण काढून द्यायचा. भट्टीत तो जळून जायचा.

आईबाबांच्या एका रांजणावर घोटाळा झाला. अर्धे धावक उजवीकडे पळाले, अर्धे डावीकडे. त्यामुळे एका बाजूला बाबांचा आणि आईचा धावक नाकाला नाक लावून उभे, आणि मागच्या बाजूला दोघं एकमेकांकडे पाठ करून. मुकादमाला कळलं तेव्हा रांजण भाजून बाहेर आला होता. त्याने दोघांची यथेच्छ खरडपट्टी काढली आणि रांजण टाकाऊ मालात ढकलला. पुढे तो कुठे गेला देव जाणे. या दोघांनी मात्र लग्न केलं आणि चूक कुणाची हे भांडण सोबत घरी आणलं.

भाजीत मीठ जास्त पडलं की बाबा म्हणणार, "हिला बाण तरी कधी दिसला होता?" बाबा चष्मा शोधायला लागले की आई म्हणणार, "उजवीकडे बघा. उजवं कुठलं ते ठाऊक असेल तर."

गेल्या वर्षी बाबांच्या उजव्या हाताला कंप सुटला. तोवर दोघं बाल्कनीत बसून हौसेने काहीबाही कोरायचे. पहिली रेघ वाकडी गेली तशी बाबांनी कोरणी खणात टाकली आणि खिडकीशी खुर्ची ओढली. आई माती मळून समोर ठेवायची, बाबा तोंड फिरवायचे. भांडायचेसुद्धा नाहीत. हसरा माणूस असा गप्प झालेला बघून मला वाईट वाटायचं, आणि रागही यायचा.

मी काचेची कपाटं बनवते. परवा एका दंतवैद्यांकडे माप घ्यायला गेले. त्यांना त्या बंद पडलेल्या कारखान्याच्या भांड्यांचा भारी नाद. आता ती शोधून सापडत नाहीत म्हणे. कपाट हवं होतं त्यांच्या लाडक्या रांजणासाठी. मी फीत लावायला वाकले आणि फीत हातातून सुटलीच. समोर दोन धावक नाकाला नाक लावून उभे होते.

घरी सांगितलं तर बाबांनी कित्येक महिन्यांनी मान पूर्ण वळवली. "माझी पोटरी जाड असते, हिचे गुडघे गोल. बघितलं की लगेच कळेल."

"कळू दे की," आई पदर खोचून म्हणाली. "तुमची चूक निघाली, तर गुपचूप माझ्यासमोर बसून काम करायचं. माझी निघाली, तर पुन्हा मातीचं नाव काढणार नाही."

मी तिला डोळ्यांनी दटावलं. ही हरली तर बाबा कायमचे खिडकीचे झाले असते. पण ती कसली ऐकतेय!

दंतवैद्यांनी मोठ्या अगत्याने दोघांना खुर्च्या दिल्या. बाबा बसले नाहीत. भिंग घेऊन त्यांनी रांजणाला फेरी मारली, गुडघा न् गुडघा तपासला. आई एकाच जागी उभी होती. तिने गुडघे बघितलेच नाहीत, ती नाकांकडे बघत होती.

"गोल!" बाबा ओरडले. "डावीकडे पळणाऱ्या सगळ्यांचे गुडघे गोल! डॉक्टर, तुम्ही साक्षीदार!"

"हरले," आई म्हणाली. मला वाटलं तिला गदागदा हलवावं.

बाबा मात्र असे फुलले की विचारू नका. जिन्यात भेटेल त्या शेजाऱ्याला गाठून त्यांनी गुडघे समजावून सांगितले. आई शब्दाला पक्की. बाल्कनीतला पाट पुसून तिने उभा करून ठेवला आणि भाजी निवडत बसली. बाबा खिडकीशी गेले, परत आले. पुन्हा गेले. जिंकलेला माणूस एकटा किती वेळ बसणार?

"त्या टोपात काही शिल्लक आहे का गं?"

"काय?"

"माती."

"मी नाव काढत नाही. पैज आहे."

"मी काढतोय ना! आण. एवढी वर्षं उलटं कोरत आलीस, कुणीतरी सरळ शिकवायला नको?"

आई ज्या वेगाने उठली, त्या वेगाने ती बस पकडायलाही धावत नाही.

तयार करून ठेवलेलं भांडं तिच्याकडे निघालंच, काळ्या लेपासकट, ओल्या फडक्यात गुंडाळलेलं. ते कधी केलंस, असं विचारायचं मी टाळलं. दोघं समोरासमोर बसली. बाबांनी कोळसा घेतला आणि काठावर बाण काढला. हात थरथरला, बाण गांडुळासारखा निघाला.

"हे टोक कुठलं आणि शेपूट कुठलं?" आईने विचारलं.

"उजवीकडे! उजवीकडे आहे तो! तुला बाण दाखवून उपयोग काय म्हणा."

बाबांनी कोरणी टेकवली. पहिल्या धावकाची पोटरी जाड झालीच, शिवाय वेडीवाकडीही झाली. त्यांनी ती निरखली, नाक मुरडलं आणि दुसऱ्याला हात घातला. मी दारात उभी राहून डोळे पुसले. हसूही येत होतं.

मग पाटाच्या पलीकडे जाऊन मी आईचा अर्धा भाग बघितला. बाणाकडे तिने एकदाही पाहिलं नव्हतं. तिचा पहिला धावक गोल गुडघ्यांनी, मोठ्या तोऱ्यात, डावीकडे निघाला होता.

बाबांनी पाट फिरवला, तसा तिचा धावक त्यांच्यासमोर आला. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग आईकडे. पाट परत फिरवला आणि स्वतःच्या अर्ध्या भागाच्या कडेला आपला धावक कोरायला घेतला, अगदी तिच्या धावकाच्या नाकासमोर.