तिसरा पडदा

“भोक पाडायचंच असेल तर आधी माझ्या डोक्यात पाड,” असं म्हणून दत्तारामदादा खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही हात पसरून उभे राहिले.

दीपक फिटर ड्रिल घेऊन स्टुलावर चढलेला होता. लालबागच्या पडद्यांच्या दुकानात त्याची बावीस वर्षं गेली होती. रंगावरून हमरीतुमरीवर आलेली नवराबायको त्याने पाहिली होती, झालरीवरून अबोला धरलेल्या सासवा-सुना पाहिल्या होत्या. पण पडद्यापायी डोकं पुढे करणारा म्हातारा त्याला आजच भेटत होता. त्याने ड्रिलच्या बटणावरचं बोट काढलं आणि प्रितीकडे पाहिलं. वहिनी, तुमचं काय ते घरात ठरवा, मला एक वाजता दादरला पोचायचंय, एवढंच तो म्हणाला.

प्रिती रात्रपाळी करून आठला घरी आली होती. आता साडेदहा वाजत होते. डोळ्यांत कोणी तिखट टाकल्यासारखी आग होत होती, आणि रात्री आठला पुन्हा वॉर्डात हजर व्हायचं होतं. मध्ये जे काही तास उरत होते त्यांतला एकेक तास सासऱ्यांच्या हट्टापायी चालला होता. तिला रडू येत होतं, आणि त्याहून जास्त राग येत होता.

परळच्या त्या चाळीत यांची एकच खोली. दार उघडायचं ते मधल्या बोळात, आणि बोळात भर दुपारीही अंधारच असे. उजेड यायचा तो पश्चिमेच्या या एका खिडकीतून, आणि खिडकीखाली दादांची खुर्ची. समोर ज्या गिरणीच्या सूतकताईत दादांची उमेदीची वर्षं गेली, तिच्या जागी आता चाळीस मजल्यांचा टॉवर चढत होता. दादा सकाळी खुर्चीत बसले की संध्याकाळपर्यंत उठत नसत. क्रेन थांबली बघ. भाजीवाला आज उशिरा आला. टॅक्सीवाल्यानं वाट अडवलीय. असं त्यांचं दिवसभर चालायचं. तीन हातांवर प्रितीची गादी. डोळ्यांवर ओढणी बांधून ती हे सगळं ऐकत पडायची. वर तीन वाजले की ऊन थेट गादीवर. अशी झोप कोणाला लागेल? लागली नाहीच. रात्रपाळी लागल्यापासून पाच महिने लागली नव्हती.

त्याचं फळ मागच्या मंगळवारी मिळालं. पहाटे पाचला तिने सात नंबर खाटेचं इंजेक्शन भरलं आणि ते घेऊन ती नऊ नंबरपाशी उभी राहिली. सुई दंडाला लागणार तेवढ्यात पेशंटची बायको झोपेतून उठून म्हणाली, सिस्टर, यांना तर आत्ताच दिलं ना? प्रितीचा हात तिथेच थिजला. अकरा वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं. सकाळी मोठ्या सिस्टरने लेखी मेमो हातात ठेवला. पुन्हा असं झालं तर वॉर्ड विसर, असं स्पष्ट सांगितलं. मेमोची गोष्ट प्रितीने घरात कोणालाच सांगितली नाही, नवऱ्यालाही नाही. पण नोकरीची भीती परवडली. नऊ नंबरच्या त्या माणसाचा झोपलेला चेहरा तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

दुसऱ्याच दिवशी ती दीपकच्या दुकानात गेली. त्याने येऊन माप घेतलं आणि समजावून सांगितलं. नुसता जाडा पडदा लावलात तर दोन्ही कडांनी उजेड शिरणार. नुसता गुंडाळीचा ब्लाइंड लावलात तर खोली दवाखान्यासारखी दिसणार. म्हणून तीन थर करा. चौकटीत काचेला लागून रोलर ब्लाइंड, त्यावर पांढरा झिरझिरीत पडदा, त्यावर जाडा. दिवसा पांढरा राहू दे, झोपताना तिन्ही ओढा. मग दुपारी बारालाही हात दिसणार नाही, गॅरंटी माझी.

पण दादा तीन काय, एकालाही तयार नव्हते.

“मला उजेड लागतो,” ते म्हणाले. “आधी अंधार, मग पनवेल. मला माहितीय सगळं.”

पनवेलचा हा टोमणा प्रितीला नवा नव्हता. शेजारच्या जयवंतरावांचे डोळे गेले तेव्हा त्यांच्या मुलाने त्यांना पनवेलच्या वृद्धाश्रमात नेऊन ठेवलं होतं. तेव्हापासून घरात काही मनाविरुद्ध झालं की दादा पनवेल काढायचे. तिने नवऱ्याला, राजरत्नला, फोन लावला. तो शिवडीच्या गोदामात ट्रक मोजत होता. दोघांचंही ऐकून घेऊन त्याने निकाल दिला की तुम्ही दोघं मिळून ठरवा, आणि फोन ठेवला. नवरे अशा वेळी बरोबर कामात असतात.

मग प्रितीने आवाज खाली आणला. दादा, दोनच पडदे, ती म्हणाली. पांढरा कायम राहील, त्यातून हवा तेवढा उजेड येतो. जाडा फक्त मी झोपले की. दहा ते चार. तेवढा वेळ तुम्ही बोळात बसा, नाहीतर बुद्धविहारात जा. विहारात हल्ली तुम्ही जातच नाही.

“गुडघे दुखतात,” दादा म्हणाले.

तिने जाडा पडदा उलगडून त्यांच्या हातात दिला. गडद निळा होता, मुद्दाम त्यांच्यासाठी निवडलेला. निळा बघून म्हातारा विरघळेल असा तिचा होरा होता. दादांनी कापड अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून चोळलं, उलटं करून परत चोळलं. यात सूत नावाला नाही, सगळं पॉलिस्टर आहे, पण वीण घट्ट आहे, असा निर्वाळा दिला. रंगाबद्दल चकार शब्द काढला नाही. प्रितीला ते लागलं. एवढं शोधून आणलं तर नुसतं छान तरी म्हणावं माणसाने.

“चारला उघडशील?” त्यांनी विचारलं.

“चारच्या ठोक्याला.”

“दोनच ना?”

“दोनच,” प्रिती म्हणाली, आणि तिने दीपककडे पाहिलं नाही.

दादांनी कट्ट्यावरचे हात उचलले. भिंतीला बोटं लावत लावत ते दारापर्यंत गेले, स्टुलाला वळसा घातला आणि बोळातल्या बाकावर जाऊन बसले. दीपकने तासाभरात काम उरकलं. आधी चौकटीत ब्लाइंड बसवला. गुंडाळून वर गेला की तो पांढऱ्या नळीएवढाच दिसत होता. खोटं बोलले तर बोलले, प्रितीने मनाला समजावलं, कोणाच्या पोटावर पाय तर नाही दिला. जाताना दीपकने दादांना आत बोलावून दाखवलं. घरात खिळा जरी ठोकला तरी चार चुका काढणारे दादा वरच्या नळीकडे तोंड करून उभे राहिले आणि ठीक आहे म्हणाले. प्रितीला हायसं वाटलं.

ते परत बोळात गेले. तिने साखळी ओढून ब्लाइंड खाली सोडला, पांढरा पडदा सारला, त्यावर निळा सारला, दार लोटलं. काळोख. पाच महिन्यांत पहिल्यांदा डोळे मिटल्यावर आणि उघडल्यावर सारखंच दिसत होतं. पडल्या पडल्या तिला झोप लागली.

जाग आली ती रॉडवरच्या कड्यांच्या आवाजाने. खोलीत काळोख तसाच होता. तिने मोबाइल चाचपला. तीन वाजून पाच मिनिटं. म्हणजे चार वाजायच्या आतच म्हातारा आत आला होता आणि पडद्याशी खेळत होता. तिच्या तोंडाशी कडक शब्द आले. मोबाइलचा मिणमिणता उजेड तिने खिडकीकडे वळवला, आणि शब्द तोंडातच राहिले.

निळा पडदा एका कडेला सारलेला होता. पांढराही अर्धा सारला होता. मागचा ब्लाइंड मात्र तळापर्यंत खाली होता. त्याची दादांना कल्पनाच नव्हती. ते आपल्या खुर्चीत बसून त्या बंद खिडकीकडे पाहत होते. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर आवळलेले.

“उठलीस का?” त्यांनी मान न वळवता विचारलं. “बोळात जीव घाबरला म्हणून आलो. जरासाच सारलाय पडदा. तुला त्रास नाही व्हायचा.” मग खूप जपून ते म्हणाले, “आज मळभ आलंय, नाही?”

फेब्रुवारीत मुंबईत कुठलं मळभ?

प्रिती उठून बसली. मग एकामागून एक सगळं आठवायला लागलं. विहारात जाणं बंद झालं ते. पेपरात वाचण्यासारखं काय उरलंय म्हणून पेपर बंद केला तो. निळ्या रंगावर न उमटलेला शब्द. भिंतीला लावलेली बोटं. क्रेन, टॅक्सी, भाजीवाला, सगळं कानांनी टिपलेलं. रोज वॉर्डात चाळीस खाटांमधून बॅटरी घेऊन लोकांचे डोळे तपासणारी ही बाई, आणि तीन हातांवरचे डोळे तिला दिसले नव्हते. तिला स्वतःची लाज वाटली. आणि समोरचा माणूस या क्षणी काय समजून बसलाय हेही तिच्या ध्यानात आलं. पडदा सारला, तरी काळोख. त्याला वाटत होतं, जो काही थोडा उजेड उरला होता तोही आज गेला.

ती अनवाणी खिडकीपाशी गेली आणि साखळी हळूहळू ओढू लागली. ऊन आधी दादांच्या पायांवर आलं, मग मांडीवर, मग छातीवर, मग तोंडावर. तीन वाजताचं ऊन थेट डोळ्यांत गेलं आणि त्यांची पापणी लवली नाही. फक्त छातीतून एक मोठा श्वास बाहेर पडला आणि दांड्यांवरची बोटं सैल झाली.

“गेलं,” ते म्हणाले. “गेलं मळभ.”

“हो दादा. गेलं.”

ती त्यांच्या खुर्चीपाशी फरशीवर बसली. डोळ्यांबद्दल तिने एक शब्द विचारला नाही. आधी आपलं सांगितलं. सात नंबर, नऊ नंबर, ती सुई, तो मेमो, सगळं. राजरत्नलाही माहीत नाही, म्हणाली. आणि दोन सांगून तीन पडदे लावले, तिसरा काचेला लागून आहे, तो मी लपवला, तेही सांगून टाकलं. खाली भंगारवाला ओरडत गेला, त्याच्यावरही ते काही बोलले नाहीत.

“दिवाळीपासून,” ते म्हणाले. “डावा त्याच्याही आधी. आता एवढंच कळतं, की उजेड आहे का नाही.”

प्रितीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“राजाला सांगू नकोस.”

“सांगणार,” ती म्हणाली. “माझं पण सांगणार, तुमचं पण. उद्या ड्यूटी सुटली की तुम्हाला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाणार आहे. आणि पनवेलचं नाव या घरात परत काढायचं नाही.”

गेलेली नजर परत येईल असं ती म्हणाली नाही. त्यांनीही विचारलं नाही.

“वाजले किती?”

“सव्वातीन.”

“चारला पाऊण तास आहे अजून,” दादा म्हणाले. “ती साखळी कुठंय, दे माझ्या हातात.”

राहू दे आता, झोप झाली माझी, असं ती म्हणायला लागली, पण त्यांनी हात पुढे केलेलाच होता. तिने साखळी त्यांच्या तळव्यावर ठेवली. दादांनी मण्यांवरून बोटं फिरवली, कुठल्या बाजूने ओढलं की खाली येतो ते दोनदा ओढून पाहिलं, आणि मग बेताबेताने ब्लाइंड स्वतः खाली सोडला. ऊन छातीवरून उतरलं, मांडीवरून उतरलं, पायांवरून गेलं. खोलीत पुन्हा काळोख झाला.

“झोप तू,” ते म्हणाले. “मागं ऊन आहे, माहितीय आता मला. खालच्या शाळेची घंटा झाली की मी उघडतो.”

प्रिती गादीवर आडवी झाली. दादा काही बोलत नव्हते. क्रेनचं नाही, टॅक्सीचं नाही. तिचा डोळा लागेपर्यंत साखळीचे मणी त्यांच्या बोटांत बारीक वाजत होते. ते ओढत नव्हते, नुसते धरून बसले होते.