झरोक्यातले उंदीर

माझ्या धाकट्या दिराला मी भाऊजी म्हणते. मी लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत जात होता, तरी पहिल्या दिवसापासून तोंडावर अहो-जाहो. मनात काय म्हणते ते माझं मला ठाऊक. राग आला की माझा आदर वाढतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. त्या आठवड्यात मी त्याला इतक्या वेळा भाऊजी म्हटलं की ह्यांनी घरात बोलणंच सोडून दिलं.

मी बियाण्यांच्या गोदामाची स्टोअरकीपर आहे, चौदा वर्षं झाली. गोदाम म्हणजे पत्र्याचं उंच छप्पर आणि खाली गोण्यांच्या थप्प्या. जिथे बी तिथे उंदीर, यात नवल काही नाही. नवल हे, की आमच्याकडे उंदीर कमी होते. मागच्या भिंतीला छपराखाली एक झरोका आहे. त्याच्या आतल्या बाजूला एक जुनं खोकं अडकवलंय आणि त्यात गव्हाणी घुबडांची जोडी राहायची. घुबड उंदीर सबंध गिळतं आणि न पचलेले केस नि हाडं यांचा गोळा तोंडावाटे बाहेर टाकतं. रोज सकाळी झाडू लागायच्या आत मी ते गोळे उचलायची, पाण्यात भिजवून टाचणीने सोडवायची. एकेका गोळ्यात तीन-तीन, चार-चार कवट्या. बाई सकाळी सकाळी पोस्टमॉर्टेम करतात, असं हमाल म्हणायचे. म्हणू देत. रात्री किती उंदीर गेले हे गोदामात मला एकटीलाच कळायचं.

मग वरून तपासणी आली. नेमका एका पाहुण्याच्या बुटाखाली गोळा आला. त्यातून केस निघाले, दात निघाले, आणि झालं. गोदामात उंदरांचा सुळसुळाट, असा शेरा. मी सांगत होते की हे खाल्लेले उंदीर आहेत, फिरणारे नाहीत. ऐकतो कोण? साहेबांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. पाहुणे जाता जाता म्हणाले, घाण वरून पडते, ते खोकं आधी काढा. चोर सोडून संन्याशाला फाशी.

खोक्यात तेव्हा तीन पिल्लं होती. मी साहेबांपुढे अडून बसले. खोकं हलणार नाही, उंदीर पकडायचेच असतील तर पिंजरे लावा, औषध घालायचं नाही. साहेबांनी विचारलं, कोण लावणार? माझा दीर उंदीर-झुरळांचीच कामं घेतो. त्याचं नाव मीच सुचवलं. ‘घरचा माणूस आहे, सांगेन तसंच करेल,’ हे माझे शब्द. ते बोलताना जीभ का झडली नाही माझी?

त्याने मान डोलावली, वीस पिंजरे आणले, माझ्यादेखत लावले. चार दिवसांनी भर दुपारी एक उंदीर मोकळ्या फरशीवरून चालत गेला. पळत नव्हता, चालत होता, कुठे निघालोय ते विसरल्यासारखा. मी बघितलं आणि कामाला लागले. ही माझी चूक, आणि ती मी कुणावर ढकलत नाही. धडधाकट उंदीर असा उजेडात येत नाही, हे मला कळायला हवं होतं. घुबडालाही मेहनतीचा उंदीर नको असतो, सुस्त मिळाला तर ते तोच आधी उचलतं.

दोन दिवसांनी मादी खोक्याखाली पडलेली सापडली. चोचीच्या कडेला रक्त. मुकादमाने मागची थप्पी हलवली तेव्हा भिंतीलगत गव्हाच्या पिठात मळलेल्या विषाच्या निळ्या वड्या दिसल्या, कडा कुरतडलेल्या. मी हातमोजे घालून एकूण एक वडी गोळा केली आणि डबा घेऊन तशीच घरी गेले.

तो जेवायला बसला होता. मी डबा ताटाशेजारी ठेवला आणि विचारलं, “भाऊजी, हे काय आहे?”

पिंजऱ्यांना महिना लागला असता, साहेबांना आठ दिवसांत निकाल हवा होता, वगैरे त्याने सांगितलं. मादी मेली म्हटल्यावर हातातला घास तसाच धरून म्हणाला, “पण वहिनी, औषध उंदरांना घातलंय. घुबडं काय गहू खातात?”

“गहू नाही खात, गहू खाणाऱ्याला खातात,” मी म्हटलं.

त्याने घास खाली ठेवला नाही, तोंडात घातला. मी ताट ओढायला हवं होतं. नाही ओढलं, आणि त्याचाही मला आजवर राग आहे.

दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, पक्ष्याचं वय झालं असेल. दीर म्हणाला, साहेबांनीच घाई केली. साहेब म्हणाले, औषध चांगलं आहे असं तुमचे दीरच म्हणाले होते. उंदराला मांजर साक्ष! दोघांनाही मी तिथेच सोडलं आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं.

त्या पन्नाशीच्या, गुडघे दुखणाऱ्या; पण शिडी चढल्या. एक पिल्लू गार झालं होतं. उरलेल्या दोघांना त्यांनी इंजेक्शन दिलं, रोज द्यायचं औषध लिहून दिलं, हाडासकट कोंबडीचे बारीक तुकडे भरवा म्हणाल्या. वाचतील, पण एका अटीवर. “बापाला थांबवा,” त्या म्हणाल्या. वड्या उचलल्या असल्या तरी त्या खाल्लेले उंदीर अजून बरेच दिवस फिरणार होते, आणि नर नेमके तेच आणणार होता.

दिराला बोलावून मी झरोक्याला जाळी ठोकून घेतली. खोकं आत, बाप बाहेर. शिडी मी धरली होती. ती हलवावी असं एकदा मनात येऊन गेलं.

दिवेलागणीला नर आला. चोचीत उंदीर. जाळीवर धडकला, मागे गेला, पुन्हा धडकला. आतून पिल्लांनी त्याचा आवाज ओळखला आणि दोघंही फुसफुसून ओरडू लागली. शेवटी त्याने उंदीर जाळीबाहेरच्या कडेवर ठेवला आणि दुसरा आणायला गेला. पिल्लं खात नाहीत म्हणजे आपलंच आणणं कमी पडतंय, असं वाटलं असेल त्याला. मला तिथे उभं राहवेना.

सकाळी कडेवर पाच उंदीर होते. हमाल पुढे झाला, त्याला मी हटवलं. “तुम्ही घातलंत भाऊजी, तुम्हीच उचला.” बाहेरून शिडी लावून, चिमट्याने एकेक पिशवीत घालून त्याने ते लांब खड्ड्यात पुरले. दुसऱ्या दिवशी सात, तिसऱ्या दिवशीही सात. तो रोज यायचा, उचलायचा, माझ्याकडे न बघता जायचा. आत मी पिल्लांना भरवायची. ती तरतरीत होत चालली होती, माझं बोट ओढायची.

सहाव्या सकाळी तो शिडीवरून भराभर उतरला आणि गोदामात आला. पिशवी रिकामी होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याने माझ्याकडे नीट पाहिलं.

“आज एकही नाही, वहिनी. संपले वाटतं उंदीर.”

खरंच आनंद झाला होता त्याला. मी काही बोलायच्या आतच दाराच्या फटीतून एक उंदीर निघाला, त्याच्या बुटाला घासून सुसाट पळाला आणि थप्पीत शिरला. चांगला गुबगुबीत, तुकतुकीत.

दीर थप्पीकडे बघत राहिला. मग मान वर करून झरोक्याकडे.

“उंदीर नाही संपले, भाऊजी,” मी म्हटलं. “आणणारा संपला.”

तो खोक्याखालच्या आतल्या शिडीच्या पायरीवर बसला आणि रडायला लागला, तोंड न झाकता. सहा दिवस मी ह्याचीच वाट पाहत होते. तो रडला की माझा राग उतरेल असं वाटलं होतं. नाही उतरला. वर खोक्यात पिल्लं भुकेने ओरडत होती. मी कोंबडीच्या तुकड्यांची वाटी त्याच्या हातात दिली.

“आधी वर जा,” मी म्हटलं. “मग रड.”