काचेच्या दाराआडची शांतता

“बोलू नका कुणी. आता जरा खोलीला बोलू द्या.”

मित्रांनो, हे शब्द माझ्या काकांचे. आजही कुठे शांतता पसरली की ते मला ऐकू येतात.

मी एक जुना कॉलर माईक आहे. वाटाण्याएवढं डोकं, शेपटीसारखी बारीक वायर आणि कापडाला धरून राहायला एक चिमटा, एवढाच माझा संसार. टीव्हीवर बोलणाऱ्या माणसाच्या गळ्यापाशी काळा ठिपका दिसतो ना, तो मी.

माझा जन्म कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईंनी भिंगातून पाहत माझ्या आत एक पडदा बसवला. कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ. तो बसेपर्यंत त्यांनी श्वास रोखून धरला होता. कुणीतरी माझ्यासाठी श्वास रोखला, ही माझी पहिली आठवण.

तिथून मी एका वाहिनीच्या शोध पथकात आलो. प्रश्न विचारायच्या त्या ताई. कॅमेरा धरायचा तो लंबू. आवाज सांभाळायचे ते काका. ते कुणाचेच सख्खे काका नव्हते, म्हणून सगळ्यांचे होते.

माणसाच्या काळजाजवळ बसण्याचं भाग्य मला लाभलं. खून डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार, निवृत्त न्यायाधीश, युद्धातून लेकरं घेऊन निघालेली आई, सगळ्यांची धडधड मी ऐकली. आधी मला वाटे, धडधड वाढली की माणूस खोटं बोलतो. तसं नसतं, मित्रांनो. खरं बोलणाऱ्याचीच कधी कधी जास्त वाढते. म्हणून मी न्याय करत नाही. ऐकणं एवढंच माझं व्रत.

काकांचंही एक व्रत होतं. मुलाखत संपली की ते सगळ्यांना गप्प उभं करत आणि नुसती खोली टिपून घेत. नवखी माणसं हसत.

“काका, काहीच नाही ते काय टिपताय?” लंबू दरवेळी विचारायचा.

“काहीच नाही असं जगात काही नसतं रे. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी. बोलणं कापलं की भोक पडतं, तिथे त्याच खोलीचं ठिगळ लावावं लागतं. तुझ्या जिभेला लावायचं ठिगळ तेवढं मिळत नाही.”

आता मी तुम्हाला माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट सांगतो.

एका रुग्णालयात म्हाताऱ्या शिंप्याची बायको गेली. तिच्या उशाशी श्वासावर लक्ष ठेवणारं यंत्र होतं. श्वास अडला की ते भोंग्यासारखं ओरडे. रुग्णालयाने सांगितलं, यंत्र ओरडत होतं, पण टेबलावर बसलेल्या सिस्टर उठल्या नाहीत. सिस्टर म्हणाल्या, मला आवाजच आला नाही. कुणाला पटणार? त्यांना तात्पुरतं कामावरून दूर केलं. कायमचं घरी बसवायचं की नाही, ते ठरायचं होतं. शेजारपाजाऱ्यांनी मात्र ठरवून टाकलं होतं. सिस्टरांच्या मुलीबरोबर शाळेत कुणी डबा खाईना.

आम्ही आधी शिंप्याकडे गेलो. मला त्यांच्या सदऱ्याला लावताना त्यांनी काकांचा हात धरला.

“थांबा. चिमट्याने कापड फाटतं.”

त्यांनी निळ्या कापडाचा एक तुकडा घेतला आणि माझ्या चिमट्याच्या दातांना आतून शिवून टाकला. “तिच्या पोलक्यातला उरलाय,” एवढंच म्हणाले. तो तुकडा आजही माझ्यापाशी आहे.

मग ते ताईंना म्हणाले, “बाई, त्या सिस्टरला मी रोज शिव्याशाप देतो. सकाळी उठलो की पहिलं तेच. तुम्हाला जे सापडेल, ते आधी मला सांगा. मग जगाला सांगा.”

“सांगेन बाबा. इथे येऊन सांगेन,” ताई म्हणाल्या.  तो शब्द मीच टिपला.

रुग्णालयात आम्ही मोठ्या सिस्टरांशी त्याच टेबलापाशी बोललो. बोलणं संपताच त्यांना हाक आली. त्यांनी मला काढून टेबलावर ठेवलं आणि गेल्या. तेवढ्यात व्यवस्थापक आले, हातात किल्ल्या खुळखुळवत.

“चला, यंत्र वाजवूनच दाखवतो. मेलेला उठेल एवढा आवाज आहे.”

बोलून ते स्वतःच ओशाळले. सगळे लगबगीने वॉर्डात गेले. काकांनी लांब काठीचा मोठा माईक घेतला आणि मला विसरले. माईक माणसाच्या अंगावर किंवा टेबलावर राहून जाणं, ही चूक फक्त आवाजवाल्यांकडूनच होते. टेबल आणि वॉर्ड यांच्यामधलं काचेचं दार आपोआप लागलं. मी एकटा पडून राहिलो. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. औषधांचं कपाट गुणगुणत होतं. कुठेतरी नळ ठिबकत होता. माझ्या वायरीला जोडलेली, आवाज पाठवणारी डबी चालूच होती. मी माझं काम करत राहिलो.

काकांनी परत येऊन मला उचलून घेतलं. ऑफिसात आल्यावर त्यांनी दोन्ही माईकचा आवाज लावला. मोठ्या माईकमधून यंत्र कानठळ्या बसतील असं ओरडत होतं. माझ्या बाजूला काहीच नाही.

“गेला वाटतं तुमचा म्हातारा,” लंबू म्हणाला.

“मी इथे बसलोय अजून.”

“माईकचं म्हणतोय, काका.”

काकांनी माझा आवाज मोठा केला. टिक, टिक, टिक. मग नळाचा थेंब. मी जिवंत होतो. यंत्र ओरडत होतं, मी सिस्टरांच्या टेबलावर होतो, आणि तिथे ते ऐकूच येत नव्हतं.

मित्रांनो, त्या खोलीत जी शांतता पसरली, तशी मी देवळातही ऐकली नव्हती. जन्मभर ‘काहीच नाही’ टिपणाऱ्या काकांनी हात जोडले. कुणाला, ते मला कळलं नाही. माझाच पडदा थरथरत होता.

पण ताई उतावळ्या नव्हत्या. “एकदा ऐकलं म्हणजे खरं नव्हे. पुन्हा जाऊ, त्यांच्यासमोर ऐकू.”

पुन्हा गेलो. ताईंनी व्यवस्थापकांना सिस्टरांच्या खुर्चीत बसवलं आणि मला त्यांच्या कोटाला लावलं. दार आपोआप लागलं. गारवा टिकावा म्हणून ते शिंप्याची बायको जाण्याच्या थोडेच दिवस आधी बसवलं होतं, त्याआधी तिथे उघडी कमान होती. वॉर्डात उभ्या लंबूने काचेपलीकडून खुणेचा हात वर केला. व्यवस्थापक कान देऊन बसले. किल्ल्या मुठीत घट्ट धरलेल्या. थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं,

“वाजवताय ना?”

“केव्हापासून वाजतंय, साहेब,” ताई म्हणाल्या.

त्यांची धडधड मी ऐकली. तीही माणसाचीच होती. ते बराच वेळ खुर्चीतून उठले नाहीत.

मित्रांनो, आता माझी वायर कडक झाली आहे. कधी कधी मी खरखरतो. नवे माईक माझ्याहून लहान आणि हुशार आहेत. मला त्याचं वाईट वाटत नाही. एकच मागणं आहे. कुणाला दोष देण्याआधी त्याच्या खुर्चीत क्षणभर गप्प बसून ऐका. आणि तुमच्यासाठी जे मुकाट्याने काम करतात, ती वस्तू असो की माणूस, त्यांना विसरलात तरी परत येऊन उचलून घ्या. काकांनी मला घेतलं तसं.

कार्यक्रम दुसऱ्या दिवशी दाखवायचा होता. संपादक म्हणाले, “त्या शिंप्याला फोन करून टाक ना.”

“फोनवर नाही. तिथे येऊन सांगेन म्हटलं होतं,” ताई म्हणाल्या.

त्यांनी चपला पायात सरकवल्या. काकांनी न सांगताच ध्वनिमुद्रणाचं यंत्र खांद्याला लावलं, आणि मला निळ्या तुकड्यासकट वरच्या खिशात ठेवलं. जिना उतरताना कुणी बोललं नाही. आज काकांना ते सांगावं लागलं नाही.